हाडामांसाचा हिशोब



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा वेतन, बोनस किंवा संप यांवर मी बोलेन अशी त्यांची अटकळ असावी. मी निवडलेला विषय आहे माणसाची हाडे, सांधे आणि स्नायू. कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने डॉक्टरांच्या प्रांतात शिरावे, हा कोणाला आगाऊपणा वाटेल. पण जरा विचार करा. ज्याच्यापाशी जमीन आहे तो सातबारा जपून ठेवतो. ज्याच्यापाशी यंत्र आहे तो त्याला वेळच्या वेळी तेलपाणी करतो. ज्याच्यापाशी केवळ दोन हात आणि दोन पाय आहेत, त्याला मात्र आपल्या या इस्टेटीची साधी ओळखही नसते. ती ओळख आज करून घ्यावी, आणि तिची जी झीज होते तिचा हिशोब कोणी ठेवायचा हे आपणा सर्वांना विचारावे, एवढाच माझा हेतू आहे. माझी शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि भल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी घेणारही नाही.

प्रथम हाडे. सुश्रुताने माणसाच्या शरीरात तीनशे हाडे सांगितली, चरकाने तीनशेसाठ. आजचे शास्त्र प्रौढ माणसाची २०६ मोजते. यात आपल्या पूर्वजांना हसण्यासारखे काही नाही. त्यांनी दात, नखे, कूर्चा यांचीही गणना हाडांत केली होती. आणि तान्ह्या मुलाची हाडे खरोखरीच जास्त असतात, ती पुढे वाढीबरोबर एकमेकांना जुळतात. प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून, मग ते थर थर उकलून डोळ्यांनी पाहावे, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. पुढे आपल्याकडे ही डोळ्यांनी पाहण्याची परंपरा खंडित झाली. १८३६ साली कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती मोठ्या धाडसाची गोष्ट ठरली.

या २०६ हाडांची वाटणी पाहण्यासारखी आहे. एका हाताच्या पंजात मनगटासह २७, एका पावलात घोट्यासह २६. दोन्ही हात, दोन्ही पावले मिळून झाली १०६. म्हणजे शरीरातली निम्म्याहून अधिक हाडे निसर्गाने पंजांत आणि पावलांत घातली आहेत. माणूस हा काम करणारा आणि चालणारा प्राणी आहे, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

हाड कशाचे बनले आहे, हे पेणकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आपल्या गणपतीच्या कारखान्यांत प्लास्टरची मूर्ती ओततात, तेव्हा त्यात काथ्या घालतात. नुसते प्लास्टर कडक खरे, पण धक्का लागला की तडकते. नुसता काथ्या चिवट खरा, पण तो उभा राहत नाही. दोन्ही एकत्र आले की मूर्ती कडकही होते आणि चिवटही. हाडाची घडण हीच. चुन्याच्या जातीचा क्षार हे त्यातले प्लास्टर, आणि प्रथिनाचे तंतू हा त्यातला काथ्या. कोंबडीचे हाड काही दिवस शिरक्यात बुडवून ठेवा, क्षार विरघळून जातो आणि हाड रबरासारखे वाकते. तेच हाड विस्तवात जाळा, तंतू जळून जातात आणि बोटाने दाबताच त्याचा भुगा होतो.

मूर्तीत आणि हाडात एक मोठा फरक मात्र आहे. मूर्ती एकदा ओतली की झाली. हाड जिवंत असते. त्यात रक्त खेळते, जुने झिजते, नवे भरते. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली दाखवून दिले की, हाडावर ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःला बळकट करते. भार अजिबात न पडला तर ते विरळ होते. अंतराळात महिनोन्‌महिने राहून आलेल्या माणसांची हाडे अशीच विरळ झालेली आढळतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचीही. म्हणून श्रम हा हाडांचा शत्रू आहे असे कोणी समजू नये. श्रम हाडांना हवेच असतात. मात्र झालेली झीज भरून काढायला वेळही हवा असतो. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ तिच्यात आहे.

आता सांधे आणि स्नायू. दोन हाडे जिथे भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते आणि मध्ये वंगण असते. हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत, आणि त्या सर्वांचा स्वभाव एकच: स्नायू ओढतो, तो कधीही ढकलीत नाही. म्हणून ते जोडीने बसवलेले असतात. दंडाच्या पुढच्या स्नायूने कोपर वाकते, मागच्याने ते सरळ होते. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचे असते.

आपण बसल्या जागी एक प्रयोग करा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटे पेटी वाजवल्यासारखी हलवा. हालचाल बोटांत दिसते, पण स्नायू वळवळतात ते कोपराखाली. बोटांत स्वतःचे स्नायू जवळजवळ नाहीतच. कळसूत्री बाहुलीसारख्या लांब दोऱ्या मनगटाच्या अरुंद बोगद्यातून पुढे जातात आणि बोटांना नाचवतात. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून कुंचला फिरवतो, तेव्हा त्याच्या कोपराखालचे हे सारे दोरखंड एकाच वेळी ताणलेले असतात. बारीक काम म्हणजे हलके काम, ही समजूत किती खोटी आहे ते यावरून कळेल.

आता पाठ. पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची उतरंड. मानेचे सात, छातीच्या मागचे बारा, कंबरेचे पाच, आणि खाली जुळून गेलेले माकडहाडापर्यंतचे. दोन मणक्यांमध्ये गादी असते: बाहेर तंतूंचे कडे, आत घट्ट खळीसारखा गर. या गादीला मोठेपणी रक्ताचा थेट पुरवठा नसतो. दिवसभराच्या दाबाने तिच्यातले पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. तेच तिचे खाणेपिणे. म्हणून संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर बुटका भरतो.

या गादीवर ओझे किती पडते? पहारीने धोंडा उचलणाऱ्याला हा हिशोब लगेच कळेल. समजा, वीस किलोची गोण आपण हात पुढे करून उचलली, कंबरेच्या मणक्यापासून चाळीस सेंटिमीटरवर. तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे सुमारे पाचच सेंटिमीटरवर आहेत. वीस गुणिले चाळीस म्हणजे आठशे, त्याला पाचाने भागा: एकशेसाठ. वीस किलोसाठी पाठीच्या स्नायूंना एकशेसाठ किलोची ओढ द्यावी लागते, आणि ती सगळी त्या गादीवर पडते. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. तीच गोण पोटाशी घेतली, वीस सेंटिमीटरवर, की ओढ निम्मी होते. हा हिशोब ढोबळ आहे, पण खोटा नाही. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला तो घरी जाऊन लावून पाहा. ओझे अंगाशी घ्यावे, आणि ओझ्यासह कंबरेत पीळ न देता पाय वळवून फिरावे, या दोन नियमांमागे एवढेच गणित आहे.

गादीचे कडे फाटून गर बाहेर आला आणि त्याने नस दाबली, तर कळ कुल्ल्यातून पायाच्या टोकापर्यंत जाते. आयुर्वेद तिला गृध्रसी म्हणतो. साधी उसण मात्र बहुधा काही आठवड्यांत आपणहून ओसरते. त्यासाठी महिना महिना झोपून राहण्याने नुकसानच होते, असे आजचे वैद्यक सांगते. सोसवेल तेवढे हिंडत-फिरत राहावे. मात्र पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा पाठदुखीबरोबर ताप आला, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

अचानक होणाऱ्या इजा आपण सर्व ओळखतो. पाय मुरगळतो तेव्हा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. सुरुवातीचे दोन दिवस तो चोळू नये, गरम शेक देऊ नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी, आणि पाय उशीवर उंच. सांधा निखळला तर तो ओढून बसवण्याचा पराक्रम घरी करू नये. हाड मोडल्यासारखे वाटले तर ते आहे त्या स्थितीत काठीचा आधार देऊन बांधावे आणि माणसाला हलवावे. हाडवैद्यांपैकी काहींच्या हाताला गुण असतो हे मी नाकारीत नाही. परंतु कामट्या करकचून बांधल्यामुळे रक्त थांबून हात गमावल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या डॉक्टरला विचारा. बांधल्यावर बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुखणे वाढतच गेले, तर बंध तत्काळ सैल करून डॉक्टरांकडे जावे.

मोडलेले हाड डॉक्टर जोडीत नाही. तो दोन तुकडे नीट समोरासमोर धरून ठेवतो. जोडते ते शरीर. आधी रक्ताची गाठ, मग मऊ सांधण, मग कठीण सांधण, आणि पुढे कित्येक महिने घासूनपुसून मूळ आकार. हाताला साधारण सहा आठवडे, पायाच्या मोठ्या हाडाला तीन महिने किंवा अधिक. तुकडे धरून ठेवण्यासाठी प्लास्टरची पट्टी वापरण्याची सोपी रीत माथाइसन नावाच्या डच लष्करी शल्यवैद्याने १८५० च्या सुमारास रूढ केली. जे प्लास्टर पेणच्या साच्यांत पडते तेच ते. पाणी मिळताच ते गरम होते आणि घट्ट बसते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आतले हाड न कापता पाहण्याची सोय झाली १८९५ च्या नोव्हेंबरात, रंटगेन यांना क्ष-किरण सापडले तेव्हा.

त्याच १८९५ च्या सप्टेंबरात आपल्या पेण तालुक्यातील गागोद्याला विनोबांचा जन्म झाला. विनोबांचे नाव इथे केवळ अभिमानाने घेत नाही. १९५१ मध्ये, वयाच्या पंचावन्न-छप्पनाव्या वर्षी, कृश देहाचा हा माणूस भूदानासाठी चालू लागला आणि सुमारे तेरा वर्षे देशभर पायी हिंडला. त्या पायांना ते कसे झेपले? चालण्यात स्नायू आळीपाळीने आवळतो आणि सुटतो. आवळतो तेव्हा रक्त पुढे ढकलले जाते, सुटतो तेव्हा ताजे रक्त भरते. प्रत्येक पावलाला काम आणि प्रत्येक पावलाला विश्रांती. याउलट एकाच जागी वाकून बसलेल्या माणसाची पाठ आणि मान तासन्‌तास आवळलेलीच राहतात. रक्त पुरे पोहोचत नाही, आणि माणूस जागचा न हलता थकून जातो. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. मान खाली घालून काम करणारा दिवसभर तेवढे वजन मानेच्या स्नायूंनी दोरीसारखे ओढून धरीत असतो.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे नजर टाका. कारखान्यात मान मोडून बसलेला मूर्तिकार. आषाढात घोटाभर चिखलात कंबरेतून वाकून दिवसभर लावणी करणाऱ्या बाया. पावसाळा सरला की वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे, डोक्यावर विटांची चळत. मिठागरात मीठ ओढणारा आणि डोक्यावर पाटी वाहणारा आगरी. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पिंपे कलती करून गोल फिरवीत नेणारा आणि गोण्यांची थप्पी लावणारा कंत्राटी मजूर. यांतल्या कोणाचेही हाड एका दिवसात मोडत नाही. जे मोडते ते वीस-तीस वर्षांत मोडते. कंडरेचा एक तंतू आज तुटला, तो भरून येण्याआधी उद्या दुसरा तुटला. खांदा वर जाईनासा होतो, मुठीतून वस्तू निसटते, गुडघा रात्री ठणकतो. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

इटलीतील मोदेना येथे रामाझिनी नावाचे वैद्य होते. कुंभार, भटारी, हमाल, लेखनिक यांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांनी त्यांची दुखणी पाहिली आणि १७०० साली त्यावर ग्रंथ लिहिला. वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारतो त्यांत आणखी एकाची भर घालावी असे त्यांनी सांगितले: तू धंदा काय करतोस? सव्वातीनशे वर्षे झाली, आणि आजही दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. धंद्याचा रकाना क्वचितच दिसतो.

संघटनेच्या कचेरीत दोन तऱ्हेची माणसे येतात. एकाचे बोट यंत्रात गेलेले असते. त्याच्यापाशी तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती. संपूर्ण अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरायचे. तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. अंगठ्याला एवढा भाव का? तो बाकीच्या चारी बोटांसमोर येतो म्हणून मूठ वळते, हत्यार पेलते. शरीररचनेचे हे ज्ञान कायद्याने पैशांत मांडले, हे चांगलेच झाले. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. दुसरा माणूस येतो तो कंबरेला हात लावून. त्याला तारीख विचारली तर तो काय सांगणार? यादीत नसलेल्या इजेची टक्केवारी डॉक्टरांकडून ठरवून घेण्याची सोय त्या कायद्यात होती. पण आधी अपघात झाला हे दाखवायला हवे, आणि तीस वर्षांच्या झिजेला कोणी अपघात म्हणत नाही. पहिल्याला थोडे का होईना मिळते. दुसऱ्याला वय झाले असे सांगून घरी पाठवतात, तेव्हा त्याचे वय असते पंचेचाळीस.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: आमच्या बापजाद्यांनी क्विंटलची पोती पाठीवर वाहिली, त्यांना काय झाले? ज्यांची पाठ टिकली तेच म्हातारपणी ही गोष्ट सांगायला उरले. ज्यांची मोडली ते गावी ओसरीवर पडून राहिले, आणि त्यांना कोणी विचारले नाही. शिवाय ओझ्याला मर्यादा घालणे ही कोणाची नाजूक कल्पना नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुषाने वाहण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, आणि स्त्रियांसाठी ती पुष्कळ कमी असावी, अशी शिफारस केली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही, इजा होईल एवढे वजन कोणाला उचलायला लावू नये, असे कलम होते. ज्यांचे नावच माथ्यावरच्या ओझ्यावरून पडले त्या माथाड्यांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हे सर्व भांडून मिळाले आहे, आणि जिथे भांडण झाले नाही तिथे अजून मिळालेले नाही.

कारागिराच्या बुद्धीचा एक दाखला देतो. जयपूरच्या सरकारी रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा कृत्रिम पाय तयार केला. विलायती पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. हा पाय घालून माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात जातो. शरीर कसे चालते हे डॉक्टरला ठाऊक होते, माणसे कशी जगतात हे कारागिराला ठाऊक होते. आपल्याकडेही कामाची जागा ठरवताना हे दोघे एकत्र बसले तर पुष्कळ दुखणी उगवणारच नाहीत. मूर्ती फिरत्या पाटावर छातीच्या उंचीला ठेवली तर मान वाचते. पिंपासाठी दोन चाकांची ढकलगाडी काही फार मोलाची नसते. तासाला पाच मिनिटे उठून हिंडले तर काम बुडत नाही, हात स्थिर राहिल्याने ते सुधारते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पेण आणि रोह्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवर धंद्याचा रकाना घालावा आणि तो भरावा. पाच वर्षे हे झाले तरी कोणत्या कामाने कोणता सांधा जातो याचे दप्तर तयार होईल, आणि मग कंबरेला हात लावून येणाऱ्या माणसासाठी भांडताना माझ्या मागून येणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात कागद असेल. कारखानदारांनी यंत्राच्या देखभालीची वही ठेवतात तशी माणसांच्या दुखण्यांची वही ठेवावी. माझ्या कामगार बांधवांनी एकट्याने पोते उचलून दाखवण्याची पैज सोडावी. दोघांनी धरले तर पुरुषार्थ कमी होत नाही. आणि घरोघरच्या मंडळींनी हंडे वाहणाऱ्या, लावणी करून आल्यावर पुन्हा चुलीपुढे वाकणाऱ्या बाईची पाठ या हिशोबात धरावी, कारण तिची नोंद घेणारी कोणतीही यादी, कोणताही मालक आणि खरे सांगायचे तर कोणतीही संघटना आजवर पुरती पुढे आलेली नाही.

व्याख्यान संपल्यावर डॉक्टर मंडळींनी माझ्या विधानांत काही कमीजास्त असेल तर अवश्य दाखवावे, आणि रकान्याविषयी आपले मतही इथेच सांगावे.